रडवणं

माझी बायको कौसल्या गेली आणि आमची मुलगी दुर्गा रडली नाही. आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा तिनं आईची उरलेली औषधं पिशवीत भरून ठेवली होती आणि आतल्या खोलीत खिडकीशी बसली होती. काही विचारलं तर हो किंवा नाही, एवढंच. माझीही अवस्था फार वेगळी नव्हती. हात धुताना पाणी गार आहे की गरम, हेही कळत नव्हतं.

आमच्याकडे जवळचं माणूस रडलं नाही तर बायका त्याला रडवतात. गेलेल्याची वस्तू मांडीवर ठेवतात, गळ्यात पडून हेल काढतात. दुःख आत राहिलं तर डोक्यावर परिणाम होतो म्हणतात. त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. त्यानं मोकळी झालेली माणसं मी पाहिली आहेत.

पण आजी वारली तेव्हा लहानग्या दुर्गाला असंच रडवलं होतं. ती ओकली, तापानं फणफणली आणि शाळा उघडेपर्यंत कुणाशी बोलली नाही. ती मुळातच तशी आहे. कुकरच्या शिट्टीनं दचकते. शेजारचं भांडण मिटतं, शेजारी एकत्र जेवायलाही बसतात, ही मात्र खोलीबाहेर येत नाही. हा आजार नव्हे, काही माणसं जन्मतःच अशी असतात, असं मी वाचलंय. कौसल्येनं काही वाचलं नव्हतं. ती फक्त टीव्ही बंद करायची आणि दार लोटून घ्यायची.

दुपारी मूल गावाहून येणाऱ्या बसनं माझी मोठी बहीण सुगंधाबाई आली. मागोमाग शेजारच्या कलाबाई आणि आणखी दोघीतिघी आल्या.

“पोट्टी रडली काय, बापू?” सुगंधाबाईनं विचारलं.

“नाही, बाई.”

“मंग तू काय करून राह्यला? पुस्तक वाचून राह्यला?”

माझ्या हातात खरंच पुस्तक होतं. उघडलेलं नव्हतं.

“आई मेली अन् पोरगी खिडकीतून रस्ता पाहून राह्यली,” कलाबाई म्हणाल्या. “असं बरं नसते, भाऊ. आतल्या आत सडते माणूस.”

सुगंधाबाईनं पेटीतून कौसल्येचं हिरवं लुगडं काढलं. “हे ठेवते तिच्या मांडीवर. पाह्य कशी मोकळी होते.”

ती आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी पोचली. दुर्गानं मान वळवली. तिचे ओठ पांढरे पडले होते. “आत्या, नको,” ती म्हणाली, इतक्या हळू की ते बहुधा मलाच ऐकू गेलं.

मोठ्या बहिणीला नको म्हणणं मला कधी जमलेलं नाही. तेव्हाही जमलं नाही. मी म्हणालो, “बाई, मीही रडलो नाही अजून.”

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या.

“अगाई!” कलाबाई म्हणाल्या. “भाऊ तर कोरडेच हायेत.”

“बाप्या माणसाले कोणी रडवते काय?” मागून कुणीतरी हसू दाबत म्हणालं.

“काऊन नाई? त्याची बायको नव्हती थे?” सुगंधाबाई माघारी फिरली. “बस इथी.”

मी आधी आतलं दार ओढून घेतलं, मग सतरंजीवर बसलो. तिनं लुगडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या गळ्यात पडून हेल काढला. कौसल्येच्या हातची भाजी, कौसल्येचं हसणं, कौसल्येनं एकटीनं ओढलेला संसार. बाकीच्यांनी सूर धरला. एवढ्या बायकांच्या मधोमध बसायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. लुगड्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता, दुसरा कसलाच नाही.

आतून कडी लागल्याचा आवाज आला.

“रड ना रे, बापू!” सुगंधाबाई माझ्या पाठीवर थापा मारत होती. तिचाच चेहरा भिजून गेला होता.

“प्रयत्न करून राह्यलो, बाई.”

“दगड हाय तू!”

मी उठलो असतो तर त्या पुन्हा आतल्या दाराकडे वळल्या असत्या. मी लुगडं धरून बसून राहिलो.