झुलीतला प्रोसेसर

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. लॅपटॉपच्या पोटात, तांब्याच्या नळीखाली दडून बसलेला नखाएवढा चौकोनी तुकडा. तुम्ही बटण दाबता, पडदा उजळतो आणि तुम्ही पडद्याचं कौतुक करता. आकडेमोड मात्र सगळी मी करतो. याबद्दल माझी तक्रार नाही, पण सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कणसुद्धा खपवून घेत नाहीत. सिलिकॉनच्या गोल चकतीवर माझ्या कोट्यवधी बारीक वाटा कोरल्या गेल्या, मग चकती कापून मला वेगळं केलं. मी आय-फाइव्ह, तिसऱ्या पिढीतला. वेग अडीच गिगाहर्ट्झ, आणि जोर लावला तर तीनच्याही थोडा पुढे. माझी भूक पस्तीस वॅटची. भूक मोठी, हे मी लपवत नाही. जो जास्त काम करतो तो जास्त खातो, आणि जास्त खाणारा जास्त तापतो. ती उष्णता बाहेर टाकायला माझ्या शेजारी एक छोटा पंखा असतो. खालच्या जाळीतून तो गार हवा ओढतो आणि डाव्या कडेने गरम हवा बाहेर सोडतो.

पहिली सात वर्षं मी नांदेडला काढली. अमरेश नावाचे एक गृहस्थ घरांचे नकाशे काढत, त्यांच्या टेबलावर मी होतो. ते आल्यागेल्याला सांगत, ‘‘आपला लॅपटॉप लई पळतो.’’ खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. पुढे त्यांनी नवा घेतला आणि मी कपाटात गेलो, जुन्या फायलींखाली. तिथे अडीच वर्षं कोणी माझं बटणही दाबलं नाही. शेवटी त्यांनी मला लातूरच्या गुलाम रसूल यांना विकलं. त्यांचं जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकायचं दुकान आहे. माणूस कमी बोलणारा, पण हात असा हलका की स्क्रू काढलेला कळत नाही. त्यांनी माझी धूळ झाडली आणि मला पुन्हा उभं केलं.

त्यांच्याकडून मला देवणीच्या लुंबिनीने घेतलं.

लुंबिनीला नुकतंच काम मिळालं होतं. एक संस्था देवणी जातीच्या गाईबैलांची नोंदवही तयार करत होती. लुंबिनीने गोठ्यागोठ्यांत जायचं, जनावराची उंची-लांबी मोजायची, काळ्या तोंडाचं वानेरा आहे की अंगावर काळे ठिपके असलेलं शेवरा ते लिहायचं, चार फोटो काढायचे आणि जनावर चालतानाचं एक छोटं चित्रण करायचं. घरी आल्यावर ते सगळं माझ्याकडे. चित्रण आकाराने लहान करून पाठवण्याजोगं बांधायचं, हे माझं काम. तीन महिन्यांत सहाशे जनावरं झाली तर तिला वर्षभराची नेमणूक. नाही झाली तर तालुका दुसऱ्याला. तिच्या आयुष्यातली ही पहिली पगाराची नोकरी होती, आणि ती टिकवायची म्हणून ती उन्हातान्हात वणवण करत होती.

तिची आई सरजाबाई पोळ्यासाठी बैलांच्या झुली शिवते. बारा महिने तिची शिलाई मशीन चालू असते आणि पोळ्याच्या आधी ती दोन बाजार गाजवते. तिच्या हातच्या झुलीला गोंडे मोजून असतात आणि एकही आरसा वाकडा बसत नाही. तिची एक रीतच आहे. घरात नवी वस्तू आली की तिला झूल हवी. मिक्सरला झूल आहे, रेडिओला आहे, लोखंडी पेटीलासुद्धा आहे. मी घरात आलो त्याच संध्याकाळी तिने टेप काढून माझी मापं घेतली. बाहेरून लाल मखमल, आत कापूस, कडेला पिवळे गोंडे. पडदा आणि बटणं तेवढी उघडी, बाकी सगळं अंग झाकलेलं, आणि खालून नाड्या बांधलेल्या.

‘‘धूळ जाती गं आत,’’ ती म्हणाली. ‘‘एवढं महागाचं जनावर, उघडंनागडं कशाला ठिवायचं?’’

लुंबिनी हसली. मलाही बरं वाटलं. अडीच वर्षं फायलींखाली काढलेल्याला कोणी मखमल नेसवली तर दुसरं काय वाटणार?

पण त्या झुलीने माझ्या दोन्ही वाटा बंद केल्या. हवा आत येईना, गरम हवा बाहेर जाईना. तापमान शंभरीकडे सरकलं की आम्ही प्रोसेसर जीव वाचवायला आपला वेग कमी करतो. झूल शिवून होईपर्यंत एका जनावराचं चित्रण मी चार मिनिटांत बांधत होतो, आता त्याला बारा मिनिटं लागू लागली. लुंबिनी पडद्याकडे बघत बसायची, मी आतल्या आत भाजत असायचो. होता होता मुदत जवळ आली, अडीचशे जनावरं उरली होती आणि दिवस आठच उरले होते. म्हातारा झाला, असं ती मला एकदा म्हणाली. ते मला झोंबलं. माझं दुखणं वयाचं नव्हतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

शेवटी ती मला घेऊन लातूरला निघाली. बसमध्ये बसण्याआधी तिने माझी झूल सोडून पिशवीच्या तळाशी कोंबली. दुकानात लोक हसतील, म्हणून.

‘‘चाचा, लई हळू चालून राहिलाय हा. दुसरा द्या.’’

गुलाम रसूल यांनी शेल्फवरून दुसरा लॅपटॉप काढला. त्यात माझा धाकटा भाऊबंद होता. आय-थ्री, पाचव्या पिढीतला. वेग दोन गिगाहर्ट्झ, त्याच्या पुढे पळणं त्याला ठाऊक नाही. पण भूक किती? पंधरा वॅट! माझ्या निम्म्याहूनही कमी. बॅटरीवर मी दीड तासात आडवा होतो, हा गडी साडेतीन तास उभा राहतो. त्यांनी आम्हा दोघांना एकच चित्रण दिलं आणि घड्याळ लावलं.

मी चार मिनिटांत उरकलं. त्याला साडेसहा लागली.

‘‘बेटा, तुझावालाच तेज हाय,’’ ते म्हणाले. ‘‘हा नेशील तर तेवढ्याच जनावरांना दीडपटीहून जास्त वेळ लागंल.’’

‘‘मग घरी बारा मिन्टं कामून लावतो?’’

त्यांनी स्क्रू काढले. माझं मागचं झाकण उघडलं, पंखा काढला आणि चिमट्याने त्यातून काहीतरी ओढलं. लाल मखमलीची कुसं आणि कापूस.

‘‘हे कुठून आलं?’’

लुंबिनीचा चेहरा उतरला. तिने पिशवीत हात घालून झूल बाहेर काढली. दुकानातलं कोणीही हसलं नाही. गुलाम रसूल यांनी शिवण उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, ‘‘हात कारागिराचा हाय.’’ मग त्यांनी ती मला घातली आणि पुन्हा घड्याळ लावलं. बारा मिनिटं. तीच त्या धाकट्याला घातली. सात मिनिटं. कमी खाणाऱ्याला ताप कमी, म्हणून त्याला झुलीचं फारसं काही वाटलं नाही. मित्रांनो, मी मनातून खट्टू झालो, पण निकाल खरा होता. पळण्यात मी पुढे आणि सोसण्यात तो.

त्यांनी माझ्यावर उष्णता पंख्याकडे पोचवणारी नवी थर्मल पेस्ट लावली, पंखा स्वच्छ केला आणि सांगितलं, ‘‘झूल काढ, हा तुझं काम करतो. अम्मीला सांग.’’

‘‘कसं सांगू चाचा? तिला वाटंल, हिला आईच्या हातचं नको झालं.’’ ती थोडी थांबली. ‘‘आणि आज मी लपवलीच होती की.’’

घरी आल्यावर तिने मुकाट्याने मला पुन्हा झूल बांधली. मला तिचा रागही आला आणि तिची कीवही आली. त्या रात्री आदल्या दिवशीची सव्वीस जनावरं बांधायची होती. अकराव्या जनावराला मी हरलो. तापमान हाताबाहेर गेलं आणि मी बंद पडलो, पडदा काळा, अर्धं काम वाया. लुंबिनीने डोकं टेबलावर टेकलं आणि हुंदके द्यायला लागली.

सरजाबाईची मशीन थांबली.

‘‘काय झालं गं? का रडून राहिलीस?’’

मग लुंबिनीने सगळं सांगितलं. हवेच्या वाटा, पंख्यातला कापूस, बारा मिनिटं, आठ दिवस. झूल पिशवीत कोंबल्याचंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण तिने सांगितलं.

सरजाबाई उठून टेबलाजवळ आली. मग तिने माझ्या पोटाखाली तळहात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

‘‘आगं माय! जित्राब आतून पेटलंय की! मला सांगायला काय झालं व्हतं?’’

‘‘तुला वाईट वाटंल म्हणून.’’

‘‘वाईट वाटंल! तीस वरसं झुली शिवून राहिले. वशिंडाला जागा ठिवल्याबिगर झूल बसती का कुठं? बैलाचं वशिंड मला दिसतं, म्हणून जागा ठिवते. ह्याचं नाक कुठं हाय ते मला कसं दिसावं? तू शिकलेली, तू दावायचं व्हतं.’’

तिने मला उलटं करायला लावलं. लुंबिनीने खालची जाळी दाखवली, डावीकडची फट दाखवली. सरजाबाईने दोन्हींवर खडूने खुणा केल्या आणि सगळ्यात मोठी कात्री उचलली. आपल्याच हातच्या मखमलीत तिने कात्री घातली तेव्हा लुंबिनीने डोळे मिटले. सरजाबाईने मिटले नाहीत. दोन चौकोन कापून काढले, आतला कापूस उपसला आणि उसवू नये म्हणून कडांना पिवळा गोट मारला.

‘‘आता बघ लावून,’’ ती म्हणाली. ‘‘आन् लातूरला न्यायची तर घालून ने. लपवायला ती काय चोरीची हाय?’’

त्या दिवसापासून मी पुन्हा चार मिनिटांत काम उरकू लागलो. रोज तीस-पस्तीस जनावरं पार पडली. आठव्या दिवशी दुपारी सहाशेवी नोंद गेली, मुदतीच्या तीन तास आधी, आणि पुढच्या आठवड्यात लुंबिनीच्या हातात वर्षभराच्या नेमणुकीचं पत्र पडलं. तिने ते आधी आईला वाचून दाखवलं.

तर मित्रांनो, मी काही तुमच्याकडे मखमल मागत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा जुना असेल, तर त्याला म्हातारा म्हणण्याआधी उलटा करून बघा, त्याची हवेची वाट मोकळी आहे का. गादीवर ठेवून चालवू नका, वर्षातून एकदा पंखा झाडून घ्या. आणि नवा-जुना निवडायची वेळ आली, तर वेगाबरोबर त्याची भूकही विचारा. आम्हाला आमचं दुखणं सांगता येत नाही. तुम्हाला येतं. ज्याने प्रेमाने झूल शिवली आहे, त्याला ती कुठे रुतते ते सांगा. कात्री चालवायला तोच सगळ्यात आधी उठेल.