लवूच्या भाराचा गूळ

नवस बोलताना शकुने वजनाचा विचार केला नव्हता. लवूला ऑपरेशनला आत नेलं आणि हॉस्पिटलच्या जिन्यात बसून तिने रवळनाथाला सांगून टाकलं, ह्याला बरा कर, ह्याच्या भाराइतका गूळ वाहीन. अशा वेळी कोणी हात आखडता घेत नाही. आणि लवू तेव्हा चांगला ऐंशी किलोचा गडी होता.

ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं झाली, केस गेले आणि पुन्हा आले. मग एके दिवशी डॉक्टरांनी शकुला आणि सुबोधला, तिच्या मुलाला, बाहेर बोलावलं. आजार लिव्हरमध्ये उतरला होता. आता उगाच त्रास देऊ नका, जे मागतील ते खायला घाला, असं ते खालच्या आवाजात म्हणाले. बाबांना हे सांगायचं नाही, असं मायलेकांनी तिथेच पॅसेजमध्ये ठरवलं. लवूला एवढंच सांगितलं की ट्रीटमेंट संपली.

ट्रीटमेंट संपली म्हणजे आपण बरे झालो, असा लवूने सरळ अर्थ घेतला. कोणीही घेतला असता. त्याने मजल्यावर पेढे वाटले आणि चौथ्या दिवशी नवसाचं काढलं. शकु म्हणाली, जरा थंडी पडू दे. मग म्हणाली, सुबोधला सुट्टी मिळू दे. नवरा बरा झाल्यावर नवस फेडायला टाळाटाळ करणारी बायको त्याने कुठे पाहिली नव्हती.

"बरो झालंय मा मी?" एका संध्याकाळी त्याने विचारलं. "मगे देवाचा देणा कित्या ठेवतंस?"

बरा झालास म्हणावं तर गूळ आणावा लागणार, आणि नाही म्हणावं तर सगळंच सांगावं लागणार. ती गॅस बारीक करायला आत गेली. तो आधीच बारीक होता.

खोटं बोलण्यात शकु मुळात कच्ची. शेजारणीची साडी आवडली नाही तरी तोंडावर कळायचं. पण ह्या दिवसांत ती बरीच तयार झाली. लवूच्या पँटी ती गुपचूप टेलरकडे नेऊन कमरेत आवळून आणायची, म्हणजे त्या त्याला बरोबर बसायच्या. दवाखान्यात वजनकाट्यावर उभं केलं की सुबोध आकड्याच्या पुढे येऊन काहीतरी विचारत राहायचा. घरातल्या, दवाखान्यातल्या सगळ्या वस्तू अशा सांभाळून घेतल्या होत्या. देवळातल्या तागडीला कोण सांगणार?

शेवटी लवूनेच रविवार पक्का केला, तेव्हा सुबोधने एक युक्ती काढली. त्याच्या जिममध्ये लोखंडी चकत्या होत्या, त्यातल्या दोन-तीन बाबांच्या शालीखाली बांधू म्हणाला. शकु भडकली. माणसांशी खोटं बोलले ते पुरे झालं, मी जिवंत असेपर्यंत देवाला फसवायचं नाही, असं तिने त्याला सुनावलं. सुबोधने तो विचार सोडला, आणि बाबांनी सांगितल्याप्रमाणे दहा-दहा किलोच्या आठ ढेपा घेऊन आला.

भटवाडीतलं हे रवळनाथाचं देऊळ शहरात आलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाने बांधलेलं. मंडळाचा अध्यक्ष सीताराम, लवूचा बालमित्र. गणपती उचलताना जड कोपरा कायम लवूचा, आणि त्याच्या समोरचा सीतारामचा, अशी त्यांची तीस वर्षांची वाटणी. रविवारी सकाळी सीतारामने मांडवात तागडी टांगली आणि जाड साखळी लावताना तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की जुनी साखळी लवूच्या भाराने तुटली तर देऊळ पुन्हा बांधावं लागेल. लोक हसले. लवू सगळ्यांपेक्षा जास्त हसला. नवा सदरा, कपाळाला गंध, अंगावर शाल. पारड्याच्या फळीवर तो मांडी घालून बसला आणि दोन्ही हातांनी साखळ्या धरल्या.

गुरवाने दुसऱ्या पारड्यात पहिली ढेप ठेवली. दुसरी, तिसरी. शकु आरतीचं ताट घेऊन लवूच्या बाजूला उभी होती. चौथी ठेवली तशी लवूची फळी जराशी थरथरली. समोर अजून निम्मा गूळ होता आणि सगळी माणसं बघत होती.

पाचवी ढेप ठेवायला गुरव वाकला, आणि शकुने ताट खाली ठेवून फळीच्या कडेवर हात टेकला. नवऱ्याला आधार दिल्यासारखा. फळी जागची हलली नाही. शाबास लवू, कोणीतरी म्हणालं. सहाव्या ढेपेला तिने दुसराही हात लावला. देवाकडे बघायचं तिने टाळलं. आपण त्यालाच फसवतोय हे तिला कळत होतं, आणि त्या घडीला तिला त्याची पर्वा नव्हती. सातवी आली. आता ती जवळजवळ फळीवर लोंबकळत होती, पायाखालची फरशी गुळगुळीत होती.

लवूने मान तिरकी करून तिच्या हातांकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"शकु, हात काढ," तो हळूच म्हणाला.

तिने मान हलवली. नाही.

"पँटी आवळलंस ना, तेवाच माका समाजला. काढ."

तिचे हात आपोआप सुटले. गुळाचं पारडं धाडकन जमिनीवर आदळलं आणि लवू एकदम वर गेला. एका हातातली साखळी सुटली, तोल गेला आणि तो बाजूला कोसळला. सीतारामने धावत येऊन त्याला वरच्या वर झेललं. झेललं, आणि तसाच उभा राहिला. एवढी वर्षं ज्याच्यासोबत भार वाटून घेतला, त्याचा सगळा भार आता एकट्या सीतारामला सहज पेलत होता.

लवूने त्याला खाली ठेवायला सांगितलं. शाल सारखी केली, आपल्या पायांनी चालत पुन्हा फळीवर जाऊन बसला आणि गुरवाला म्हणाला, आता नीट जोख. गुरवाने ढेपा काढल्या. चार ठेवल्या, आणि वर नारळ ठेवत गेला. नारळ फार लागले नाहीत. दोन्ही पारडी समोरासमोर आली, तेव्हा गुरवाने देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं. बरं केलंस महाराजा, असं म्हणायचं असतं. त्याने ते शब्द गाळले.

शकु भिंतीला टेकून रडत होती. लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून तिने पदरही तोंडाला लावला नाही. सुबोध बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा होता. लवू तिच्याजवळ आला. उरलेल्या चार ढेपा मांडवाच्या कडेला तशाच पडल्या होत्या. सीताराम म्हणाला, त्याही देवालाच राहू देत.

"नको," लवू म्हणाला. "देवाचा देवाक पोचला." मग तो शकुकडे वळला. रेशनचं सामान कुठे ठेवायचं ते सांगावं इतक्या साध्या आवाजात तो म्हणाला, "ह्यो गूळ घराक घेवन चल. माणसां येतली भेटूक. चायेक लागात."

शकुने डोळे पुसले. खाली वाकून तिने एक ढेप उचलून कडेवर घेतली आणि रिक्षा बघायला बाहेर गेली.