येऊरची चाटणवीट

मालनकाकूंच्या छातीत पखवाज वाजत होता. येऊरच्या जंगलात, ओढ्याच्या अलीकडे ठेवलेल्या चाटणविटेवर आज तरी चितळं आली असतील, असं मन सारखं सांगत होतं.

चाटणवीट म्हणजे मीठ आणि क्षार दाबून केलेली लालसर वीट, गोठ्यात गुरांपुढे टांगतात तीच. हरणांनाही मिठाची ओढ भारी. त्या ओढीपायीच ती खाली रस्त्यावर यायची आणि सहलीवाल्यांनी फेकलेली वेफर्सची पाकिटं चाटत उभी राहायची. उन्हाळ्यात एक गाभण मादी गाडीखाली आली, तीही काकूंच्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून त्यांनी वनरक्षक साईनाथचा पिच्छा पुरवला. वनखात्याच्या साहेबांनी शेवटी परवानगी दिली, पण रविवारपर्यंत हरणांचा माग दिसला नाही तर वीट उचलायची, या अटीवर.

आज शनिवार. काकू आणि त्यांचे यजमान उत्तमराव वर पोचले, तर वळणावर साईनाथ उभाच होता.

"काकू, पावलं उमटलीत!"

"खरंच? कुणाची रे?"

"माणसांची."

पुढे जाऊन बघतात तर काय! विटेवर हळदकुंकवाचा लेप, वर झेंडूचा हार, भोवती अगरबत्त्यांच्या काड्या, आणि करवंदीच्या फांदीला चक्क घंटा!

काकूंनी सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. वीट ठेवली त्या दिवशी हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता तो उत्तमरावांनीच.

"अगं, शुभकार्याला नारळ नको?" ते पुटपुटले. "पुढचं लोकांनी केलंय."

"सकाळी फिरायला येणारे हात जोडतात," साईनाथ म्हणाला. "काल एक आजी मला विचारत होत्या, आरती किती वाजता असते म्हणून."

काकूंना हसू फुटलं आणि अर्ध्यातच विरलं. "अहो, या धुराला नि माणसांच्या वासाला कुठलं हरीण जवळ येईल? उचला ती."

उत्तमरावांनी हात मागे घेतले. "लोकांनी देव मानलाय तिला. मी नाही हात लावायचा."

"मी पण नाही हां," साईनाथ घाईघाईने म्हणाला. "उद्या इथे मोर्चा यायचा."

काकूंचाही हात धजेना. कुंकू लावलेला दगड त्यांनी जन्मात कधी ओलांडला नव्हता. पण ती रस्त्यावरची मादी डोळ्यांपुढून हलेना. आणि एकदम त्यांना टेंभी नाक्यावरचं कीर्तन आठवलं.

"अहो, परवा बुवा काय म्हणाले? देव पाहुणा होऊन दाराशी येतो आणि आपण उंबऱ्यावर रांगोळीच घालत बसतो. पाहुणा तिकडे झाडीत ताटकळतोय हो!"

उत्तमरावांनी चपला काढल्या. "मग रीतसर विसर्जन करू. मातीत."

त्यांनी अक्षता वाहिल्या आणि वीट हलवून जागेवरून उचलली. ओढ्यावर नेऊन कुंकू धुतलं. पलीकडे, जिथे खुरांच्या जुन्या खुणा होत्या, तिथे वीट फोडून चुरा ओल्या मातीत कालवला. घंटा, हार, काड्या, सगळं पिशवीत भरून खाली आणलं.

रविवारी सकाळी वारा तोंडावर घेत तिघं झुडपाआड बसली. बराच वेळ नुसती पानं हलत होती. आणि झाडीतून एक मादी बाहेर आली! तिने मान उंचावली, कान फिरवले, एक पाऊल टाकलं, थबकली, आणि मातीला जीभ लावली. मागून दुसरी आली. मग पाडस आलं, आईच्या पोटाखालून तोंड घालून अधाशासारखं चाटू लागलं. चप् चप् आवाज इथवर येत होता.

साईनाथ मोबाईलवर टिपत होता. उत्तमरावांनी भारावून गजर करायला तोंड उघडलं, तोच काकूंनी त्यावर तळहात दाबला. त्यांची आसवं काकूंच्या बोटांवरून ओघळली.

"काकू, साहेबांना व्हिडिओ पाठवला," साईनाथ कुजबुजला. "उद्याच दुसरी वीट आणतो."

काकूंनी हात तसाच ठेवला. "आण रे बाबा," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "पण कुठे ठेवतोस ते यांना सांगू नकोस."