खाचेबाहेर राहिलेली जीभ

मी पुठ्ठ्याचा घडीचा डबा बोलतोय. वजनाला हलका आहे, पण लेचापेचा नाही.

सुरतेहून नंदुरबारपर्यंत आगगाडीने आलो, पुढे बैलगाडीने शहाद्याला. तेव्हा मी सपाट होतो. तिथले औषधांचे दुकानदार पारसमल शेठ यांना हिवतापावरच्या कुनैनच्या बाटल्यांसाठी डबे निवडायचे होते. कागदात गुंडाळून डोंगरात गेलेल्या बाटल्या वाटेतच फुटत. शेठनी तीन नमुने उभे केले आणि प्रत्येकावर शेराचं वजन ठेवलं. पहिला बसला. दुसऱ्याचं पोट सुटलं. मी हललो नाही.

"नवल, देख! हाऊ पुठ्ठा खरा मरद शे."

"आते तुम्हीच बठीसन देखा ना शेठ," दुकानातला नवल म्हणाला.

शेठ हसले नाहीत. माझ्यासारख्या डब्यांचे पाच गठ्ठे मागवले. मला गर्व झाला. तो फार टिकला नाही.

१९४२ साल उजाडलं. लढाईमुळे कुनैन येईनासं झालं. दुकानात एकच बाटली उरली. ती नवलने माझ्यात घातली.

नवलचा जन्म पुड्या बांधण्यात गेलेला. पुडीचे कान दुमडले की वर दोरा. दोरा सगळं धरतो. माझं तसं नाही. माझ्या बुडाला जीभ आहे. ती समोरच्या खाचेत गेली तरच बूड धरतं. नवलने कान दुमडले, जीभ नुसती मुडपली आणि सवयीने माझ्या कमरेला दोरा गुंडाळला.

मला कळलं, माझं बूड उघडं आहे. ओरडावं म्हटलं, पण पुठ्ठ्याला आवाज नसतो.

बाटली न्यायला सातपुड्यातल्या पाड्यावरून जामसिंग आणि त्याची बायको धनुबाई आली होती. त्यांची सहा वर्षांची कमली आठ दिवस हिवतापाने कापत होती.

"जपीसन न्या," शेठ म्हणाले. "लढाई सरत नही तवलोंग दुसरी येवाव नही."

जामसिंगने मला न्याहाळलं. "शेठ, बाटलीले असं घर! मन्हा घरले एक बाजूनी कूड बी नही." मग बायकोकडे वळला. "फेक ते खोकं. बाटली कमरले खोस."

"तू पडस दर नाल्यात," धनुबाई म्हणाली. "खोकं ऱ्हाऊ दे."

तिने मला टोपलीत ठेवलं. म्हसावदपर्यंत गाडी होती. चाक दगडावर चढलं की बाटली केसभर खाली सरके. माझे चारही कोपरे ताठ होते. त्यांचा उपयोग काय? शेराचं वजन पेलणारा मी, आता बोटभर बाटलीला भीत होतो. ती फुटली तर कमलीचं काय, एवढंच मनात येई.

पुढे पायवाट होती. नाल्यापाशी जामसिंग घसरला. धनुबाईने टोपली उतरवली, नाला ओलांडताना जपावं म्हणून मला हातात घेतलं. त्याच क्षणी बूड सुटलं.

बाटली पडली, ती तिच्या तळहातावर.

पाड्यावर पाणी तुंब्यात भरतात, वाळलेल्या भोपळ्यात. तुंबा गळ्याला धरून उचलला की गळा मोडतो. म्हणून तिथल्या बायका काहीही उचलताना एक हात खाली देतात. धनुबाईने मलाही तसंच उचललं होतं.

तिने बाटली पदरात घेतली. मग तिने मला उलटं केलं, खाच चाचपली, जीभ आत घातली. अक्षर न शिकलेल्या बाईने.

कमली वाचली.

बाटली केव्हाच संपली. आता माझ्यात मक्याचं बियाणं असतं. चुलीच्या धुराने काळा झालोय, एक कान फाटलाय. दुकानदारांनो, डबा जाडच निवडा. पण जीभ खाचेत गेली का, हे बोटाने पाहा. जाडीवर विसंबू नका. मी विसंबलो होतो.

पेरणीच्या दिवसांत कमली मला चुलीवरच्या फळीवरून खाली काढते. अजून दर वेळी वाटतं, बूड सुटणार. मग बुडाला तिचा लहानसा तळहात लागतो.