ऊब कुठवर आली?

जुना बॉयलर शेडमधून बाहेर काढला तेव्हा मेंग चुन्सिकने त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मुलीच्या, हेसुनच्या लग्नाच्या वर्षी बसवलेला, जमिनीखालच्या पाईपांत गरम पाणी फिरवून घर तापवणारा तो तेलाचा बॉयलर. गेली काही वर्षं तो बटणाने नव्हे, लाथेने सुरू व्हायचा, आणि लाथसुद्धा डाव्या बाजूला, कमरेच्या जरा खाली, मनापासून मारावी लागायची. उजवीकडून मारली तर तो रुसून दुपारपर्यंत बोलायचा नाही.

"आजोबा, हा चालत होता?" नवा बॉयलर बसवायला आलेल्या बांगने विचारलं.

"चालत होता म्हणजे काय? पळत होता."

"कुठे? घराबाहेर? सगळी ऊब बाहेरच गेलेली दिसतेय."

बांग हा तोंडाने भारी माणूस. पाईप जोडताना बोलायचा, पाईप जोडून झाला की काय जोडलं ते सांगायचा. एरवी मेंगने त्याला दहा मिनिटांत गप्प केलं असतं. आज तो त्याच्या मागे मागे फिरत होता, मागितलेला पाना द्यायला हात पुढे करत होता आणि न मागितलेलाही देत होता. सोल्मे गावात गॅसची पाइपलाइन आली होती. पिवळा पाईप मेंगच्या भिंतीवरून चढून शेडमध्ये शिरला होता आणि त्याच्या टोकाला एक पांढरीशुभ्र पेटी लटकत होती. लाथ मारावी असा एकही भाग तिच्यावर दिसत नव्हता.

या सगळ्या उत्साहाचं कारण गॅस नव्हतं. कारण दुपारच्या बसने येणार होतं.

हेसुनची आई, म्हणजे मेंगची बायको ग्वाक बोंगनिम, शरद संपता संपता मुलीच्या सुवॉन शहरातल्या फ्लॅटवर निघून गेली होती. भांडण झालं नव्हतं. भांडायला दोघांच्या तोंडाला ऊब लागते. जुन्या बॉयलरच्या भिंतीवरच्या डबीत एक बटण होतं, 'बाहेरगावी' नावाचं. घरात कुणी नसताना पाईप गोठू नयेत म्हणून जमिनीखाली जेमतेम धुगधुगी ठेवणारं. मेंग ते रोज रात्री जेवण झालं की दाबायचा, आणि विचारलं की 'मी नाही दाबलं' म्हणायचा. माणसं घरात, अंगावर दोन दोन जाकिटं, नाकाचे शेंडे लाल, आणि यंत्राच्या हिशेबी सगळे बाहेरगावी. असे कितीतरी हिवाळे काढल्यावर एके सकाळी बोंगनिमने पिशवी भरली.

"कुठे निघालीस?"

"यंत्राच्या हिशेबी मी इथे नाहीच आहे. तर म्हटलं, खरोखरच जाते."

पहिला आठवडा मेंगने शांततेत घालवला. दुसऱ्या आठवड्यात शांतता त्याला घालवू लागली. किमचीचा, आंबवलेल्या कोबीचा, डबा उघडला तरी घरात आवाज घुमायचा. शेवटी त्याने फोन केला.

"नवा बॉयलर बसवतोय."

"कुणाकडे?"

"आपल्याकडे."

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. मग बोंगनिम जरा हळू आवाजात म्हणाली, "तब्येत बरी आहे ना तुमची? हेसुनला पाठवू का?"

तब्येत बरी असल्याची खात्री पटल्यावर तिने अट घातली. ती येईल. जमिनीला हात लावील. गरम असली तर बघू. गार असली तर त्याच दिवशी संध्याकाळच्या बसने परत, आणि मग पुन्हा बॉयलरचं नाव काढायचं नाही. मेंगने त्या 'बघू'वर नवा बॉयलर घेतला होता.

सकाळीच बांगने खटका ओढला. पेटीने एक घोट गिळल्यासारखा आवाज केला, मग 'भप्प' आणि मग बारीक गुणगुण. मेंग धावत खोलीत गेला, पालथा पडला आणि जमिनीवरच्या पिवळ्या रेक्झिनवर गाल टेकला. काही नाही. काही नाही. मग भिंतीलगतच्या त्या कोपऱ्यात, जिथून पाईप खोलीत शिरतो, तिथे जमीन कोमट झाली.

"आली! बांग, आली!"

"येणारच. गरम पाणी आहे, पायी चालत जातंय," बांग बाहेरून ओरडला. "भिंतीवरच्या डबीत खोलीचा आकडा बावीस ठेवलाय, चालेल ना?"

मेंगने आयुष्यात कधी अठराच्या वर आकडा पाहिला नव्हता. पण आजचा दिवस वेगळा होता. "असू दे बावीस!" तो म्हणाला, आणि स्वतःच्याच औदार्यावर खूश होऊन त्याने पुन्हा जमिनीवर गाल टेकला.

बांग गेला. आणि बांग गेला म्हणजे बातमी गेली, कारण वाटेत भेटेल त्याच्याशी बोलल्याशिवाय तो पुढे सरकत नसे. मेंगने बॉयलर बदलला, ही बातमी सोल्मेत अशी पसरली की काही जणांनी आधी ती खोटी ठरवली आणि मग खात्री करायला चपला घातल्या.

सगळ्यात आधी आली शेजारची येसानकाकू. लग्न होऊन येसानहून आली म्हणून येसानकाकू. तिचं स्वतःचं नाव आता तिच्या नवऱ्यालाही आठवत नसे. हातात संडासच्या कागदाच्या गुंडाळ्यांचा भलामोठा गठ्ठा. गुंडाळी जशी सरसर उलगडते तशी घराची कामं उलगडोत, म्हणून नव्या घराला द्यायची पद्धत. नव्या बॉयलरला काय द्यावं याची पद्धत अजून पडली नव्हती, म्हणून तिने तीच चालवली.

"मेंगदादा, खरं की काय?" असं म्हणत ती आत आली आणि उत्तराची वाट न बघता कोपऱ्यात उताणी झाली. "अगं बाई! पाठ शेकतेय की!"

मग गावप्रमुख प्योन आला, त्याच पद्धतीने कपडे धुण्याची पावडर घेऊन. त्याच्या मागून सभागृहात बसणारी सगळी म्हातारी मंडळी आली. गावच्या सभागृहाची जमीन सरकारी खर्चाने तापते, त्यामुळे उबेच्या बाबतीत या लोकांचं मत चोखंदळ होतं. एकेकाने बूट बाहेर काढले, आत येऊन जमिनीला तळवा लावला, मान डोलावली आणि पाठ टेकली. थोड्या वेळात मेंगच्या खोलीत माणसं अशी ओळीने पडली होती की बाहेरून बघणाऱ्याने रुग्णवाहिका बोलावली असती.

मेंग त्यांच्यामधून उड्या मारत फिरत होता. एरवी त्याच्या घरात पाहुण्याला बार्लीचा चहा मिळायचा, तोही विचारला तर. आज त्याने खोलीच्या मधोमध छोटी गॅसची शेगडी मांडली, तिच्यावर पातेलं चढवलं आणि डुकराचं मांस आणि किमची भरलेले मांडू, म्हणजे मोमोसारखे मोदक, त्यात सोडले. वाफेने खिडकीच्या काचा पांढऱ्या झाल्या. कुणी मक्कॉलीची, तांदळाच्या दारूची, बाटली काढली. पत्त्यांचा डाव पडला. लोक हसत होते, घाम पुसत होते, जाकिटं काढून ढिगात फेकत होते.

"काय गरम घर आहे!" प्योन म्हणाला. "मेंगदादा, तुम्ही एवढे दिवस माणूस होतात हे लपवून का ठेवलंत?"

मेंग दारातून रस्त्याकडे डोकावायचा, पुन्हा आत यायचा, पुन्हा डोकावायचा.

आणि बस आली.

बोंगनिम उतरली ती मुलीने घेऊन दिलेल्या गुडघ्यापर्यंतच्या फुगीर कोटात, हातात एकच पिशवी. अंगणात बुटांचा ढीग बघून ती थबकली.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. सगळे आलेत. तुझ्यासाठी. म्हणजे बॉयलरसाठी. ये, ये!"

ती आत आली. पत्ते थांबले. सगळ्यांना अट माहीत होती. बांगने तीही पोचवली होती. बोंगनिमने उजव्या हाताचा मोजा काढला, दाराजवळ उकिडवी बसली आणि तळवा जमिनीवर ठेवला.

मग तिने तो उचलला आणि दुसरीकडे ठेवला.

"गार आहे."

मेंग हसला. "दाराशी आहेस म्हणून. इकडे ये."

ती कोपऱ्यापर्यंत गेली, येसानकाकूला हलवलं आणि तिच्या पाठीखाली हात घातला.

"ही गरम आहे," ती म्हणाली. "जमीन गार आहे."

मेंगने स्वतः हात लावला. जमीन गार होती. आजारी माणसाच्या कपाळाला हात लावावा आणि ताप उतरलेला निघावा तशी. पण इथे ताप उतरायला नको होता.

"दाबलंत तुम्ही," बोंगनिम शांतपणे म्हणाली.

"नाही! शप्पथ! मी हातसुद्धा..."

"मी बसमधून उतरायच्या आत 'बाहेरगावी' दाबलंत. एवढं गाव समोर बसलंय, त्यांच्यादेखत दाबलंत."

मेंगने मदतीसाठी गावाकडे पाहिलं. गावाने पत्त्यांकडे पाहिलं. एवढे हिवाळे खोटं बोललेला माणूस पहिल्यांदा खरं बोलला की त्याच्याकडे बघवत नाही.

बोंगनिम जाऊन दाराशी बसली. कोट अंगात, पिशवी मांडीवर, बुटांपासून हातभर अंतरावर. संध्याकाळच्या बसला फारसा वेळ नव्हता.

मेंग भिंतीवरच्या डबीपुढे जाऊन उभा राहिला. 'बाहेरगावी'चा दिवा लागलेला नव्हता. पेटलेलं काहीच नव्हतं. डबीवर दोन आकडे होते. एक मागितलेला, बावीस. दुसरा खोलीतला, सत्तावीस. तो त्या सत्तावीसकडे बघत राहिला, मग वळला. माणसं. पातेलं. वाफ. मक्कॉलीने लाल झालेले चेहरे.

"तुम्ही!" तो ओरडला. "तुम्ही तापवलीत खोली! डबीला वाटलं, झालं काम, आणि बॉयलर झोपला!"

"म्हणजे आम्ही पाठ शेकायला आलो..." येसानकाकू म्हणाली.

"आणि घर तुमच्यावर शेकत होतं!"

मग मेंगने जे केलं ते सोल्मेत अजून सांगतात. ज्या माणसाने जन्मभर 'दार लावा' याशिवाय घरात येणाऱ्याचं दुसरं स्वागत केलं नाही, त्याने दार सताड उघडलं. खिडक्या उघडल्या. मागचं दार उघडलं. डोंगरावरचा वारा एका बाजूने आत शिरला आणि पातेल्यावरची वाफ घेऊन दुसरीकडून निघून गेला. लोक किंचाळले, जाकिटांच्या ढिगावर तुटून पडले. कुणाच्या अंगात कुणाचं जाकीट गेलं याचा निवाडा पुढे वसंतात झाला.

बोंगनिम तोंड उघडं टाकून बघत होती.

"चोवीस!" प्योन डबीपाशी उभा राहून ओरडला. "तेवीस! बावीस! एकवीस!"

शेडमधून आवाज आला. भप्प.

"पेटला!"

घरी कुणीच गेलं नाही. नाकं गळत होती, तोंडातून धुकं निघत होतं, पण आता खोलीत कुस्तीच्या मैदानासारखा रंग चढला होता. येसानकाकू कोपऱ्यात हातापायांवर रांगत होती.

"आली! इथे आली!"

"कुठे?"

"भिंतीशी! सरका, सरका, पुढे येतेय!"

जमिनीखालचा पाईप भिंतीपासून भिंतीपर्यंत जातो, वळतो, परत येतो. ऊबही तशीच निघाली. तिच्यामागून अख्खं सभागृह गुडघ्यांवर निघालं, तळवे थापटत, कान टेकत. "वळली!" कुणी ओरडलं. "नाही, अजून कपाटाशीच आहे!" "तुझा हातच गरम आहे, बाजूला हो!" प्योनने कपाटाजवळची ऊब आपणच आधी शोधली असा दावा केला आणि येसानकाकूने तो खोडून काढला. मेंग सगळ्यांच्या पुढे होता. जमिनीला नाक लावून तो इंचाइंचाने सरकत होता आणि कशाची विनवणी करतोय हे त्याला स्वतःलाही कळत नव्हतं. "चल. चल. अजून थोडं. ये."

दाराशी बोंगनिम बसली होती. वारा थेट तिच्या पाठीवर येत होता. तिने पिशवी घट्ट धरली होती, पण नजर जमिनीवर होती.

"मधोमध आली!"

बोंगनिमने नकळत पाय जरा जवळ घेतले. मग तेही थांबवलं.

मेंगचा तळवा तिच्या कोटाच्या टोकापाशी आला आणि थांबला. त्याने वर पाहिलं.  ती हलली नाही. आपल्याला काहीच वाटत नाहीये अशा चेहऱ्याने बसून राहिली, आणि मग तो चेहरा तिला टिकवता आला नाही.

"अगं बाई," ती म्हणाली.

गावाने आरोळी ठोकली. मेंग तिथेच जमिनीवर आडवा पडला आणि लहान पोरासारखा हसत सुटला. बोंगनिमने पायातले मोजे काढले आणि पावलं जमिनीवर पसरली. थोडा वेळ डोळे मिटून बसली. मग उघडले.

"आता ते दार लावा."

"लावू? मग खोली तापेल. तापली की तो पुन्हा झोपेल."

"मग आकडा वाढवा ना."

मेंग उठून बसला. "कुठला आकडा?"

"तो डबीवरचा. बावीसचा."

"वाढवू?" त्याने डबीकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा डबीकडे. "तो वर जातो?"

खोलीत कुणी हसलं नाही. ही गोष्ट त्याला खरोखरच माहीत नव्हती, हे सगळ्यांना एकाच वेळी कळलं. इतकी वर्षं डबीवरच्या दोन बाणांपैकी एकच त्याने वापरला होता. दुसरा तो शोभेचा समजत होता.

बोंगनिम उठली. अनवाणी चालत डबीपाशी गेली आणि वरचा बाण दाबला. तेवीस. दाबला. चोवीस. प्रत्येक आकड्याला मेंग एकेक पाऊल डबीकडे सरकत होता. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीसवर ती थांबली आणि वळून त्याच्याकडे पाहिलं.  बोलायला त्याचे ओठ उघडले होते, पण ते त्याने मांडूने बंद केले.

येसानकाकूने दारं लावली. बोंगनिमने कोट काढून खुंटीला अडकवला आणि फोन लावला.

"हेसुन, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या राहिल्या तिकडे, त्या पाठव. आणि गुडघ्याचं मलम. आणि ती जांभळी चादर. नको, जाड नको. पातळ." ती जरा थांबली. "किती दिवस ते मला काय विचारतेस? अजून दोन हिवाळे बघते, मग सांगते."

मेंग डबीच्या अगदी जवळ उभा होता. दोन्ही हात त्याने खिशात घातले होते, आणि एवढ्यात ते बाहेर काढायची जोखीम घ्यायला तो तयार नव्हता.