दोन्ही टोकांची साफसफाई

धाकटी ज्या कंपनीत होती, ती कंपनी लोकांच्या दुःखासाठी वेबपानं बनवायची. वर गेलेल्या माणसाचा फोटो, खाली नातेवाइकांचे संदेश, सगळ्यांत नवा सगळ्यांत वर. दुःख नीटनेटकं असावं, असा साहेबांचा कटाक्ष होता. लोक रडताना कीबोर्डवर फार सांडलवंड करतात. म्हणून संदेशाच्या पुढे-मागे राहिलेल्या मोकळ्या जागा आणि उगाच दाबलेली टिंबं कापून टाकणारा कोड त्यांनी धाकटीकडून लिहून घेतला होता. कात्री फक्त दोन टोकांना लागायची. मधल्या मजकुराला हात लावायची तिला परवानगी नव्हती, आणि ही केवढी मोठी उणीव आहे, हे धाकटीला बाबांच्या पानावरचे संदेश वाचताना कळलं.

बाबांचं पान कंपनीने फुकट दिलं होतं. औदार्य डोळ्यांत भरू नये म्हणून तळाशी फक्त कंपनीची जाहिरात होती, आणि शुक्रवारी संध्याकाळी पान नव्या संदेशांसाठी बंद होणार होतं. थोरल्या काकांनी पहिल्याच दिवशी हजेरी लावली. त्यांच्या संदेशात भाऊ पहिल्या ओळीतच वारला. पुढे काका स्वतः कसे कष्टातून वर आले, ते सविस्तर होतं.

शुक्रवारी दुपारी आईचा ऑफिसात फोन आला.

"अगं, तुझं यंत्र मला खोटं पाडतंय. म्हणे, संदेश रिकामा आहे."

"काय लिहिलंस?"

"लिहिलं कुठे? ती खालची लांब पट्टी आहे ना, ती दाबत बसले होते."

"आई, त्याने नुसती जागा सुटते. काही उमटत नाही."

"दिसतंय मला. तुझे बाबा आणि मी जेवणं झाली की खिडकीशी बसायचो, तेव्हा कधी बोलताना ऐकलंस आम्हाला?"

"नाही."

"मग आता काय भाषण ठोकू? जे होतं तेवढंच पाठवायचंय. जमत नसेल तर तसं सांग."

"मी देऊ का दोन ओळी लिहून?"

"नको गं बाई. काका लिहितायत की सगळ्यांच्या वाटचं."

धाकटीचा कोड मोकळी जागा पुढून कापत निघायचा आणि आईच्या संदेशात शेवटापर्यंत पोचला तरी त्याच्या हाती काही लागत नव्हतं. ती उठून साहेबांकडे गेली.

"बाबांच्या पानापुरती कापाकापी बंद करते. आईने नुसत्या मोकळ्या जागा पाठवल्यात."

"मग संदेश कुठाय?"

"तोच."

साहेबांनी सांत्वनाचा चेहरा केला. तो त्यांच्याकडे तयारच असायचा. "भावना समजतात हो, पण पानाचा दर्जा..."

"लोकांना बराच वेळ खाली सरकवत जावं लागेल," धाकटी म्हणाली. "म्हणजे पानावर जास्त थांबतील."

साहेबांचं दुःख तिथल्या तिथे ओसरलं. "असं आधी सांगायचं ना!"

काम तेवढ्यावर भागलं नाही. शेजारी शेजारी मोकळ्या जागा दिसल्या की ब्राउझर त्यांची एकच करून मोकळा होतो. त्यालाही बजावावं लागलं की बाबा रे, आहेत तेवढ्या दाखव, एकही गिळू नकोस. मग तिने आईला फोन लावला. "पाठव आता. घाई करू नकोस."

आईने घाई केली नाही. पान बंद व्हायला थोडाच अवकाश असताना तिचा फोन आला. "आता म्हणतंय, आभारी आहोत. दुपारी कुठे गेली होती ही अक्कल?"

धाकटीने पान उघडलं. बाबांच्या फोटोखाली पांढरी, शांत जागा लांबवर पसरली होती, आणि तिच्या तळाशी बारीक अक्षरात 'पत्नी'. ती हळूहळू खाली सरकवत गेली. टेबलावर फोन वाजायला लागला, तरी तळाशी पोचेपर्यंत तिने तो उचलला नाही.

थोरले काका होते. "अगं, पानात काहीतरी बिघाड झालाय. मधेच एवढं मोठं भगदाड! माझा लेख पार तळाला गेला. लोकांना शोधावा लागतोय."

"हो काका," धाकटी म्हणाली. "आता तुमच्यापर्यंत आधी तिथून यावं लागतं."