दुसऱ्या सीटचं माप

समुद्रातल्या शर्यतीसाठी नवी बोट घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून गॅरेजवाल्याने तळाला भोक पडलेली जुनी स्पीडबोट आणली आणि दोन वर्षं खपून ती उभी केली. शिवणकाम करणाऱ्या बायकोने जुन्या गादीचा फोम कापून दोन्ही सीट अंगाबरोबर बसतील अशा शिवल्या. माप देताना त्याने पोट आत ओढलं, तशी ती करवादली, “सोडा ते पोट! लाटांवर काय श्वास रोखून बसणार आहात?”

दुसरी सीट तिच्या भावाची, चांगल्या आडव्या अंगाच्या मेहुण्याची. शर्यतीच्या सकाळी लाटा बघूनच त्याने हात वर केले. बोटीत दोघं असल्याशिवाय शर्यतीत उतरू देत नाहीत. गॅरेजवाला मांडीवर हेल्मेट घेऊन धक्क्यावर मटकन बसला.

“उठा,” म्हणत बायको मेहुण्याच्या सीटवर जाऊन बसली. सीट तिच्या कमरेला चपखल बसली, बोटभरही जागा उरली नाही.

“अगं, ही तर त्याच्या मापाची ना?”

तिने पट्टा आवळला. “भाऊ कोणाचा आहे तो? ऐनवेळी पळणाऱ्याला मी काय आज ओळखते?”